जोखमीच्या गरोदरपणाची फेलोशिप: सीमाभागातल्या डॉक्टरांसाठी निवडीपासून परतीपर्यंत

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं की मुलगी माहेरी येते, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात माहेर-सासरच्या मध्ये पुष्कळदा राज्याची हद्द असते. सासर चंदगडला आणि माहेर खानापूर तालुक्यात, सासर निपाणीत आणि माहेर कागलला, हे इथं घरोघरी दिसतं. नेमक्या याच आठवड्यांत, साधारण २८ ते ३४ च्या दरम्यान, गरोदरपणातला रक्तदाब डोकं वर काढतो, बाळाची वाढ अडते, अंगातलं रक्त आणखी कमी होतं. ज्या काळात एकाच डॉक्टरची सलग नजर हवी, त्याच काळात तिचा डॉक्टर, तिचं कार्ड, तिची आशाताई आणि तिची रुग्णवाहिका सगळं बदलतं.

२०१८-२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३ होते आणि कर्नाटकात ६९. या राज्यांच्या सरासऱ्या आहेत, एकट्या बेळगावच्या नव्हेत. तरी हद्दीवर काम करणाऱ्या डॉक्टरने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, कारण त्याच्या ओपीडीत दोन्हीकडच्या बायका येतात.

स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण (एमएस किंवा डीएनबी) संपवून ‘आता पुढे काय’ असं विचारणारे आपल्या भागातले तरुण डॉक्टर डोळ्यासमोर ठेवून मी हे लिहितो आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. फेलोशिप, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणानंतरचं खास प्रशिक्षण, निवडताना पोटातल्या बाळाची सोनोग्राफी शिकायला मिळेल का, हे सगळेच विचारतात. आजारी आईला रात्रभर सांभाळायला शिकवतील का, हे तुम्ही त्याआधी विचारा. परत येऊन बेळगाव किंवा चिकोडीला बसायचं असेल तर गरज त्याचीच जास्त आहे.

आधी ठरवा: आई की बाळ

या विषयाला दोन अंगं आहेत. एक फीटल मेडिसिन, म्हणजे पोटातल्या बाळाचं: ११ ते १३ आठवड्यांची तपासणी, अठराव्या-विसाव्या आठवड्याचा ॲनोमली स्कॅन (व्यंग शोधणारा), डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), ॲम्निओसेंटेसिस (बाळाभोवतालचं पाणी काढून तपासणं), कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग (वारेचा कण काढून तपासणं), पोटातल्या बाळाला रक्त देणं, जुळ्यांमधल्या रक्तवाटणीच्या बिघाडावर लेझर. दुसरं मॅटर्नल मेडिसिन, म्हणजे आईचं: तीव्र प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला धोकादायक रक्तदाबाचा आजार), त्यातून येणारे झटके (एक्लॅम्प्सिया), झडप अरुंद झालेलं हृदय, मधुमेह, ल्युपस, किडनीचा आजार, आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुतलेली वार, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग). फेलोशिपच्या नावात दोन्ही शब्द असले तरी बहुतेक ठिकाणी तराजू एका बाजूला झुकलेला असतो. शहरातल्या खासगी केंद्रांत तो बहुधा सोनोग्राफीकडे झुकतो, कारण तिथं आजारी आई कमी आणि स्कॅनसाठी पाठवलेली बाई जास्त येते.

आपल्या भागाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. निपाणीकडे तंबाखू आणि विडीकाम करणाऱ्या बायका आहेत. अथणी, रायबाग, चिकोडीकडे ऊसतोडीला आलेल्या टोळ्या आहेत, त्यांतल्या गरोदर बाईची नोंद एका जिल्ह्यात आणि ती फडावर दुसऱ्या जिल्ह्यात. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या वाड्या आहेत, जिथून पावसाळ्यात बाहेर पडणं हेच मोठं काम असतं. जवळच्या नात्यातली लग्नं दोन्ही भाषिक समाजांत होतात, मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देणं नवीन नाही. त्यामुळे अनुवंशिक आजारांची चौकशी आणि सल्ला हाही इथल्या रोजच्या कामाचा भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ५२ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया होता. सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईला बाळंतपणात अर्धा लिटर रक्तस्रावही सोसत नाही.

म्हणून मी म्हणतो, दोन्ही शिका, पण आई आधी. सोनोग्राफीचा हात पुढेही तयार करता येतो. झटके आलेल्या बाईच्या उशाशी उभं राहून निर्णय घेण्याची सवय मात्र वरिष्ठ बाजूला असतानाच लागते.

रेसिडेन्सीत असतानाच सुरुवात

तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका. फीटल मेडिसिन फाउंडेशन या लंडनच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. ११ ते १३ आठवड्यांचा स्कॅन, गर्भाशयमुखाची लांबी, प्री-एक्लॅम्प्सियाचं स्क्रीनिंग यांची त्यांची प्रमाणपत्रं आहेत. आधी अभ्यास पूर्ण करायचा, मग आपण काढलेली चित्रं पाठवायची आणि ती निकषांत बसली तरच प्रमाणपत्र मिळतं. निकष कडक आहेत आणि तेच चांगलं आहे. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या आत, मान ना वाकलेली ना ताणलेली, चित्र पुरेसं मोठं केलेलं, ही शिस्त एकदा हाताला लागली की सुटत नाही.

प्रबंधाचा विषय याच क्षेत्रातला घ्या. आपल्या घरचंच उदाहरण आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलची तोंडी मात्रा देण्याची चाचणी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत झाली. १,६२० बायका, बाळंतपण करणाऱ्या एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका), आणि रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हे काम बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधन गटाचं. पहिलटकरणींना कमी मात्रेतलं ॲस्पिरिन देण्याची सहा देशांतली चाचणी (२०२०) आणि मुदतीआधीच्या बाळंतपणात स्टेरॉइड देण्याची पाच देशांतली चाचणी (२०२०), या दोन्हींतही बेळगाव होतं. इथं शिकत असाल तर या विभागात जाऊन काम मागा. मुलाखतीत ‘संशोधनाचा अनुभव’ या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर देता येणार नाही.

आणि एक वही घाला. प्रत्येक जोखमीच्या पेशंटची चार ओळींत नोंद: काय होतं, केव्हा ओळखलं, काय केलं, काय झालं. नाव-पत्ता लिहू नका. फेलोशिप निवडताना आपल्याला काय येत नाही हे ही वही सांगते.

रस्ते कोणते

पहिला रस्ता राष्ट्रीय परीक्षा मंडळाची म्हणजे एनबीईएमएसची एफएनबी ही फेलोशिप. कालावधी दोन वर्षं, पात्रता स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रात एमडी, एमएस किंवा डीएनबी. प्रवेश फेलोशिप एंट्रन्स टेस्टमधून, शेवटी एक्झिट परीक्षा. हा विषय पूर्वी ‘हाय रिस्क प्रेग्नन्सी अँड पेरिनेटॉलॉजी’ या नावाने होता, आता यादीत ‘मॅटर्नल अँड फीटल मेडिसिन’ असं शोधा. देशभर एकच अभ्यासक्रम, ठरलेलं विद्यावेतन आणि बाहेरून होणारी परीक्षा, यामुळे वजन सर्वांत जास्त याला आहे. जागा थोड्या असतात आणि देशपातळीच्या गुणवत्ता यादीवरून भरतात. जागा स्वीकारून मध्येच सोडली तर पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते, म्हणून त्या वर्षाचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचूनच पसंती भरा.

दुसरा रस्ता विद्यापीठांच्या फेलोशिपचा. बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही मान्यता दिलेल्या हॉस्पिटलांमधून फेलोशिप चालवतात. सीमाभागातल्या माणसाला इथं एक सोय आहे: दोन्ही राज्यांच्या याद्या आपल्या उपयोगाच्या. कोणत्या हॉस्पिटलला त्या वर्षी या विषयाची मान्यता आहे, किती जागा आहेत, हे विद्यापीठाच्या यादीवरच तपासा. हॉस्पिटलच्या जाहिरातीवर विसंबू नका.

तिसरा रस्ता संस्थांच्या स्वतःच्या पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थेत पेशंटची संख्या आणि शिस्त दोन्ही मिळतात, आणि आई-बाळ दोघांचंही काम एका छताखाली दिसतं. चौथा रस्ता छोट्या कोर्सांचा: फॉग्सी या प्रसूतितज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेच्या इंडियन कॉलेजचे प्रमाणपत्र कोर्स, काही आठवड्यांची निरीक्षकाची जागा. हे पूरक म्हणून चांगले. तीन महिने कोणाच्या तरी मागे उभं राहून स्क्रीन पाहिली आणि पाटीवर ‘हाय रिस्क प्रेग्नन्सी स्पेशालिस्ट’ लिहिलं, हे मात्र करू नका. त्या पाटीवर विश्वास ठेवून रायबागहून कोणी गाडी करून येतं.

एक गोष्ट आई-वडिलांनाही समजावून सांगा, कारण घरात हा प्रश्न निघतोच. विद्यापीठाची किंवा हॉस्पिटलची फेलोशिप म्हणजे डीएम नव्हे. तिच्यामुळे मेडिकल कौन्सिलकडे सुपर-स्पेशालिटीची पदवी नोंदवली जात नाही. पदवीची अक्षरं हवी असतील तर हा रस्ता तुमचा नाही, काम हवं असेल तर आहे.

एमबीबीएस असाल आणि पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) असाल

फेलोशिपची दारं तुम्हाला बंद आहेत, पण या कामातला मोठा वाटा तुमचाच आहे. सरकारी सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी आपत्कालीन प्रसूतिसेवेचं, सिझेरियनसह, आणि जीवरक्षक भूल देण्याचं अशी दोन प्रशिक्षणं आहेत. तालुका आरोग्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा आणि तिचा पाठपुरावा सोडू नका. भूल देणारा माणूस नाही म्हणून तालुक्याच्या हॉस्पिटलातून बाई पुढे पाठवावी लागते, ही गोष्ट अशा प्रशिक्षित डॉक्टरमुळे थांबते.

हॉस्पिटल कसं पारखायचं

यावर सर्वांत जास्त वेळ द्या. वेबसाइट पाहू नका, सध्याच्या फेलोला भेटा. शक्य असेल तर एक दिवस आणि मुख्य म्हणजे एक रात्र तिथं काढा. विभागप्रमुखांसमोर मिळणारी उत्तरं आणि रात्री दोन वाजता लेबर रूमबाहेर चहा पिताना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

विचारायच्या गोष्टी अशा. एक्लॅम्प्सियाची पेशंट आली तर पहिली कोण पाहतं, फेलो की आयसीयूचा डॉक्टर? प्रसूती विभागाचा स्वतःचा एचडीयू (आयसीयूच्या खालोखालचा देखरेखीचा कक्ष) आहे का, की बाई वरच्या मजल्यावर गेली की तुमचा संबंध संपतो? हृदयरोगी गरोदर बाईसाठी कार्डिओलॉजिस्टबरोबर ठरलेली संयुक्त ओपीडी आहे का? रुतलेल्या वारेची शस्त्रक्रिया वर्षात किती वेळा होते आणि त्यात फेलो हात धुऊन उभा असतो की बाहेर कागद भरतो? रक्तपेढी त्याच आवारात आहे का? एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किती लहान बाळं जगवतात? २८ आठवड्यांचं बाळ जगवता येत नसेल तर तिथले बाळंतपण लवकर करण्याचे निर्णयही वेगळे असतात, आणि तुम्ही तेच शिकून याल.

सोनोग्राफीबद्दल एकच प्रश्न पुरे: प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्राचं टोक, कोणाच्या हातात असतो? पहिल्या सहा महिन्यांत फेलो स्वतः स्कॅन करतो आणि वरिष्ठ तपासतात, असं उत्तर आलं तर ठिकाण चांगलं. ॲम्निओसेंटेसिस फेलोला करायला मिळते की फक्त धरायला, तेही विचारा. जेनेटिक्सचा सल्लागार आहे का? मृत जन्मलेल्या बाळाची तपासणी करून आई-वडिलांना कारण सांगण्याची पद्धत आहे का? हे शेवटचं फार थोडे विचारतात. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण पुढच्या खेपेला काय करायचं याचं उत्तर तिथंच असतं.

पैशांचंही स्पष्ट विचारा. काही ठिकाणी विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी उलट फी भरावी लागते. फी भरूनही रात्रपाळीच्या मनुष्यबळासारखं वापरून घेत असतील आणि शिकवत नसतील तर ती जागा सोडा.

सरकारी मेडिकल कॉलेजची गर्दी पाहून घाबरू नका. तिथं यंत्र जुनं असेल, पण आजारी आई येते. शहरातल्या चकचकीत केंद्राचं वर्ष आणि मोठ्या सरकारी रुग्णालयाचं वर्ष यांत निवड करायची वेळ आली तर, आपल्या भागात परतणाऱ्याने दुसरं घ्यावं असं मी सांगेन.

परीक्षा आणि मुलाखत

परीक्षेसाठी वेगळी जादू नाही. एमएसचा अभ्यास ताजा असतानाच बसा, दोन वर्षं प्रॅक्टिस करून मग बसू म्हटलं की अवघड जातं. मुलाखतीत बहुधा एखादी केस देतात. उत्तर देताना पहिल्या वाक्यात आईची स्थिती, दुसऱ्यात बाळाची, तिसऱ्यात वेळ: आज, उद्या की आठवड्याने बाळंतपण. या क्रमाने बोलणारा उमेदवार वेगळा कळतो. ‘परत कुठं जाणार’ असं विचारलं तर बेळगावचं नाव घ्यायला संकोच करू नका. लहान शहरात हे काम उभं करणारा माणूस चांगल्या शिक्षकांना हवाच असतो.

दोन वर्षांत काय हातात यावं

पहिल्या तीन महिन्यांत औषधांच्या मात्रा पुस्तक न उघडता आल्या पाहिजेत. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट: प्रिचर्ड पद्धतीने ४ ग्रॅम शिरेतून, १० ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत विभागून, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, आणि प्रत्येक मात्रेआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग आणि लघवी पाहायची. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी. रक्तदाब १६०/११० ला टिकून राहिला तर तासाच्या आत खाली आणायला सुरुवात व्हायला हवी, लॅबेटॅलॉल, हायड्रॅलाझिन किंवा तोंडी निफेडिपीन यांपैकी जे जवळ असेल त्याने. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत. मुदतीआधीच्या बाळंतपणात डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा तासांनी, चार मात्रा. या मात्रा तुम्हाला येतील यात शंका नाही. त्या नर्सिंग स्टाफला न चिडता, पुन्हा पुन्हा शिकवणं हे खरं कसब आहे आणि तेही फेलोशिपमध्येच शिकून घ्या.

मग स्क्रीनिंग. पहिल्या तिमाहीत आईचा रक्तदाब, गर्भाशयाच्या रोहिणीचं डॉप्लर आणि जमल्यास पीएलजीएफ (वारेतून रक्तात येणारं प्रथिन) तपासून ज्यांना धोका जास्त दिसतो त्यांना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्यायचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत मुदतीआधीचा प्री-एक्लॅम्प्सिया यामुळे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पण हे सगळं सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. आपल्याकडे नोंदणीच पुष्कळदा उशिरा होते, हे लक्षात ठेवून शिका: रक्ताची तपासणी न परवडणाऱ्या बाईत फक्त इतिहास आणि रक्तदाबावरून धोका कसा ठरवायचा, हे वरिष्ठांना मुद्दाम विचारा.

आरएच निगेटिव्ह आईच्या बाळात मेंदूच्या मधल्या रोहिणीतला रक्ताचा वेग मोजून ॲनिमिया ओळखणं, त्या आठवड्यांच्या मध्यकाच्या (मीडियनच्या) दीडपट झाला की पुढे पाठवणं, हे प्रत्येकाला यायलाच हवं. पोटातल्या बाळाला रक्त चढवणं किंवा लेझर शस्त्रक्रिया प्रत्येकाने करायची गरज नाही. ती मोजक्या केंद्रांत एकवटलेलीच बरी. तुमचं काम वेळेत ओळखून, फोन करून, पेशंट पोचवणं. त्यासाठी बेंगळुरू, पुणे, मुंबई, चेन्नईच्या केंद्रांतल्या माणसांशी फेलोशिपच्या काळातच ओळख ठेवा.

शेवटच्या सहा महिन्यांत बोलायला शिका. बाळात मोठं व्यंग आहे, किंवा २६ व्या आठवड्यात आईसाठी बाळंतपण करावं लागेल, हे सांगताना समोर नवरा-बायको एकटे नसतात. सासूबाई, आई, मामा सगळे असतात. आधी बाईशी एकटीशी बोला, मग तिला विचारून बाकीच्यांना बोलवा. बेळगाव-खानापूरला मराठी चालेल, सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगलहून आलेल्या बाईशी कन्नडच लागेल. पुण्या-मुंबईत शिकून कन्नड मागे पडली असेल तर ती परत घासून घ्या. वाईट बातमी दुभाष्यामार्फत सांगू नये.

कायद्याचे कागद

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, १९९४ चा, २००३ मध्ये दुरुस्त झालेला. फेलोशिप असली तरी ज्या जागी स्कॅन करणार तिथल्या नोंदणीत तुमचं नाव चढल्याशिवाय प्रोब हातात घ्यायचा नाही. एका जिल्ह्यात एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोन सोनोग्राफी केंद्रांवर नाव नोंदवता येतं. बेळगावात बसून आठवड्यातून एकदा गडहिंग्लजला जायचं मनात असेल तर ते दुसरं राज्य, दुसरे सक्षम अधिकारी: तिथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणीही आधी विचारून घ्या. ॲम्निओसेंटेसिससारखी प्रक्रिया करायची तर जागेची जेनेटिक क्लिनिक म्हणून नोंदणी हवी, आणि संमती बाईला समजेल त्या भाषेत लेखी, प्रत तिच्या हातात. म्हणजे आपल्याकडे संमतीपत्रं मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून ठेवावी लागतात. फॉर्म एफ (स्कॅनच्या नोंदीचा कायदेशीर फॉर्म) रोजच्या रोज पूर्ण करा, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत.

गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटांसाठी २४ पर्यंत दोघांचं, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ नंतर राज्याने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. मंडळं राज्याची असतात. महाराष्ट्रातली बाई बेळगावात उपचार घेत असेल तर कोणत्या मंडळाकडे जायचं, हे प्रकरण समोर येण्याआधी जिल्हा आरोग्य कार्यालयातून लेखी विचारून ठेवा. व्यंग कळल्यावर दोन कचेऱ्यांत घालवलेले दिवस त्या बाईला परवडत नाहीत.

परत आल्यावर पहिलं वर्ष

बेळगावात केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय बिम्स या दोन मोठ्या जागा आहेत. निपाणीच्या बाईला मात्र कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं आणि अथणी-कागवाडच्या बाईला मिरज. म्हणून पहिलं काम नकाशा: कोणत्या गावातून, कोणत्या आजारासाठी, कुठं पाठवायचं. प्रत्येक ठिकाणच्या लेबर रूमचा नंबर आणि रक्तपेढीचा नंबर. १०८ दोन्ही राज्यांत आहे, पण यंत्रणा वेगवेगळ्या. हद्दीपलीकडे सोडणार का, हे आधी बोलून ठेवा. सरकारी मोफत उपचार योजनेच्या कार्डाचंही तसंच. आरोग्य कर्नाटकचं कार्ड कुठं चालतं, महात्मा जोतिराव फुले योजना कुठं, हे प्रत्येक हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून लिहून आणा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी फुले योजना जाहीर केल्यापासून पेशंट हा प्रश्न हमखास विचारतात.

दुसरं काम गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड. कर्नाटकात तायी कार्ड, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. माहेरी आलेल्या मुलीकडे पुष्कळदा कोणतंच पूर्ण भरलेलं नसतं. सहाव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारा, ‘बाळंतपणाला कुठं जाणार?’ हद्द ओलांडणार असेल तर एका पानावर रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाबाचे आकडे, सुरू असलेली औषधं, धोका कोणता आणि कोणत्या आठवड्यात काय करायचं, हे इंग्रजीत लिहून द्या, खाली दोन ओळी तिला वाचता येईल त्या भाषेत. तिथल्या डॉक्टरांना फोन करा. पत्र हरवतं, फोन लक्षात राहतो.

तिसरं, नऊ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. खासगी डॉक्टरही यात स्वेच्छेने नाव देऊ शकतात. तुम्ही द्या, आणि शहरातल्या केंद्राऐवजी जांबोटी किंवा कणकुंबीकडचं केंद्र मागून घ्या. २०२२ पासूनच्या विस्तारित अभियानात लाल स्टिकरवाल्या बाईच्या जादा तपासण्या आणि बाळंतपणानंतर ४५ व्या दिवसापर्यंतचा पाठपुरावा आशाताईंकडे आहे. त्यांच्याशी तुमचं बोलणं थेट असायला हवं.

चौथं, पीएचसीतली पहिली मात्रा. झटक्याची किंवा तीव्र रक्तदाबाची बाई पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचे ५ ग्रॅम प्रत्येक कुल्ल्यात, एकूण १० ग्रॅम, हे सरकारी मार्गदर्शिकेतच आहे. एक ग्रॅमच्या दहा कुप्या, दोन सिरिंज, मात्रेचा कागद आणि वेळ लिहायची चिठ्ठी, असा डबा प्रत्येक केंद्रात आहे का ते स्वतः जाऊन पाहा. बेळगाव आणि बागलकोटमध्ये झालेल्या क्लिप चाचणीत आशा आणि एएनएम घरोघरी रक्तदाब मोजत होत्या, पहिलं औषध देऊन पाठवत होत्या. आई-बाळाचे मृत्यू आणि गंभीर आजार मिळून जो आकडा पाहायचा होता, तो त्याने घटला नाही. मी त्याचा अर्थ असा घेतो की गावात नुसतं ओळखून भागत नाही. वाटेत आणि पोचल्यावर पुढची साखळी तयार लागते. ती बांधायला फेलोशिप केलेला माणूस लागतो.

शेवटचं काम महिन्यातून एकदा दोन तासांचं. मरता मरता वाचलेल्या बायकांची चर्चा: केंद्र सरकारची ‘मॅटर्नल निअर मिस’ पडताळणीची मार्गदर्शिका २०१४ पासून आहे, तिचे फॉर्म वापरा. बेळगावच्या डॉक्टरांबरोबर चंदगड, गडहिंग्लज, निपाणीच्या डॉक्टरांनाही बोलवा, पीएचसीच्या एएनएमनाही. कोणाचं चुकलं हे विचारायचं नाही. बाई घरातून निघाल्यापासून पहिलं औषध मिळेपर्यंत किती वेळ गेला, आणि तो कुठं गेला, एवढंच प्रत्येक प्रकरणात फळ्यावर लिहायचं, आणि पुढच्या महिन्यात त्यातला एक अडथळा दूर करण्याचं काम कोणाकडे, त्याचं नाव तिथंच घालायचं.